जबाबदार मोठं माणूस

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन चिऊ घरी आली, दप्तर सोफ्यावर टाकलं, घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, बोअर होतंय." सुट्टी सुरू होऊन जेमतेम पंचवीस मिनिटं झाली होती. अजून पन्नासेक दिवस शिल्लक होते.

त्याच वेळी घरातली दुसरी कन्या दाराशी बसून माझी डावी चप्पल खात होती. हिचं नाव चकली. दोन वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्याच स्कूटरच्या कव्हरखाली सापडली. जात विचाराल तर अस्सल गावठी. हल्ली 'इंडी' म्हणायची पद्धत आहे. तसं म्हटलं की तेच कुत्रं पैसे मोजून आणल्यासारखं वाटतं. शेपटीला अडीच वेढे, म्हणून चकली. ती नेहमी डावीच चप्पल खाते. त्यामुळे माझ्याकडे सध्या उजव्या पायाच्या चार चपला आहेत.

बायको ऑफिसला निघता निघता म्हणाली, "एवढं काय त्यात? दोघींना एकत्र खेळायला लाव. हिचा वेळ जाईल, तिची मस्ती जिरेल." वाक्य फार सोपं होतं. आमच्या घरातली सगळी संकटं अशाच सोप्या वाक्यांनी सुरू होतात. 'बाल्कनीत दोन कुंड्या ठेवू' हे असंच एक वाक्य होतं. आता आम्ही कपडे गच्चीवर वाळत घालतो.

पण मी रीतसर काम करणारा माणूस. आधी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी चकलीचे दात पाहिले, चिऊला जवळ बसवलं आणि नियम सांगितले. ती जेवत असताना आणि झोपलेली असताना हात लावायचा नाही. गळ्यात पडून गच्च मिठी मारायची नाही. आपल्याला ते प्रेम वाटतं, तिला कोंडल्यासारखं होतं. तीन अंक मोजेपर्यंत कुरवाळायचं आणि हात मागे घ्यायचा. ती आपण होऊन जवळ सरकली तर पुढे चालू, नाहीतर राहू द्यायचं. तिने उगाच जांभई दिली, जिभेने ओठ चाटले, तोंड फिरवलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, की समजायचं बाईसाहेबांना नको आहे.

चिऊने विचारलं, "हे नियम नागपूरच्या मावशीआजीला पण सांगता येतील का? ती माझे गाल ओढते."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सगळ्यात महत्त्वाचं. मूल आणि कुत्रं एकत्र असेल तेव्हा एक जबाबदार मोठं माणूस तिथे पाहिजे. कुत्रं कितीही गरीब असू दे. शेजारच्या खोलीत असून चालणार नाही. आणि हातात मोबाइल नको."

घरी येऊन आम्ही घरातलं जबाबदार मोठं माणूस कोण, याचा शोध सुरू केला. आईचे गुडघे दुखतात. बायकोचं ऑफिस हिंजवडीला, म्हणजे ती अर्धी नोकरी तिथे करते आणि अर्धी पुलाखाली सिग्नलला. उरलो मी. मी घरून काम करतो. त्यातलं 'काम करतो' घरच्यांना ऐकू येत नाही. चिऊने शंका काढली, "पण बाबा जबाबदार आहे का?" आई म्हणाली, "मोठा तर आहे." ठराव मंजूर झाला.

मग कार्डशीटवर तीन रंगांच्या स्केचपेनांनी वेळापत्रक तयार झालं. वर मथळा: 'चिऊ आणि चकलीचे सुरक्षित खेळ'. मथळ्यात माझं नाव नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

पहिला खेळ चेंडूचा. सकाळी सातला सोसायटीच्या बागेत गेलो. नवा कोरा लालभडक रबरी चेंडू चिऊने हिरवळीवर लांब फेकला. चकलीने माझ्याकडे पाहिलं, चिऊकडे पाहिलं आणि बसकण मारली. "आण!" म्हणून पाहिलं. "जा, जा!" म्हणून पाहिलं. गावठी असली तरी राहते कोथरूडला, म्हणून "फेच!" म्हणूनही पाहिलं. शेवटी कसं आणायचं ते दाखवावं म्हणून मीच पळत जाऊन चेंडू आणला. चिऊने टाळ्या वाजवल्या आणि परत फेकला. असा मी अकरा वेळा पळालो.

बाकावर बसलेले नाना म्हणाले, "दम आहे हो अजून! पण हातात काय आणता? तोंडात धरून आणा, तिला नीट कळेल."

संध्याकाळी पोटरीला मलम चोळताना कळलं, की कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग चांगला दिसतो, लाल-हिरव्यातला फरक मात्र समजत नाही. लाल चेंडू हिरव्या गवतात पडला की त्यांच्या लेखी तो मळकट रंगात मिसळून गेला. म्हणजे चकलीने त्या दिवशी काय पाहिलं असेल? एक शहाणी मुलगी हवेत हात फिरवते आहे, आणि तिचा बाप काहीच नसलेल्या ठिकाणी धावत जाऊन परत येतो आहे. तेही अकरा वेळा. तिने ज्या सहानुभूतीने माझा हात चाटला, तिचा अर्थ तेव्हा लागला.

दुसऱ्या दिवशी निळा चेंडू आणला. चकलीने बाणासारखी झेप घेतली, चेंडू धरला आणि थेट जास्वंदीमागे जाऊन बसली. 'आण' शिकवलं होतं, 'दे' शिकवायचं राहिलं होतं. तिच्या तोंडातून ओढून काढायचा नाही, हा नियम. मग तसाच दुसरा चेंडू दाखवला की ती पहिला टाकते, हा शोध चिऊने लावला. मी तोपर्यंत जास्वंदीत शिरलो होतो.

फिरायला जायचं तर उन्हाच्या आधी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. त्यात मे महिन्यातलं पुण्याचं डांबर. डॉक्टरीणबाईंनी युक्ती सांगितली होती: रस्त्यावर उलटा तळहात टेकवायचा, पाच-सात सेकंद सहन झालं नाही तर तिच्या तळव्यांनाही सहन होणार नाही. एकदा चिऊने अकरा वाजता हट्ट धरला, तेव्हा मी शास्त्रशुद्ध खात्री करायला फाटकाबाहेर उकिडवा बसलो आणि डांबराला हात लावून मोठ्याने आकडे मोजू लागलो.

तीनपर्यंत आलो तोच एक रिक्षा थांबली. "काका, काय पडलं?"

"काही नाही, रस्ता बघतोय."

पुण्यात रस्ता बघत बसलेला माणूस दिसला की लोकांना तो महापालिकेचा वाटतो. दोन मिनिटांत सहा जण जमले. एकाने विचारलं, खोदकाम परत कधी सुरू होणार? एका आजींनी त्यांच्या नळाला पाणी येत नसल्याचं सांगितलं. तोवर माझा हात डांबरावरच होता. चकली सावलीत, चिऊ सावलीत. भाजलं कोणाला, ते सांगत बसत नाही.

पट्ट्याचंही तसंच. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात एकटीच्या भरवशावर पट्टा द्यायचा नसतो; कुत्र्याने हिसका दिला तर मूल फरपटतं. म्हणून दोन पट्टे. एक चिऊच्या हातात, हौसेचा. दुसरा मोठ्या माणसाच्या हातात, खरा. तिसऱ्या दिवशी मांजर दिसलं. चिऊने शिकवल्याप्रमाणे आपला पट्टा लगेच सोडून दिला. मी शिकवणारा असल्यामुळे सोडला नाही. मांजर मोटारीखालून गेलं. चकली मोटारीखालून गेली. मी बॉनेटपर्यंत गेलो.

तेव्हा ठरलं, खेळ घरातच. लपाछपीसारखा निरुपद्रवी खेळ नाही. एकाने चकलीला धरायचं, चिऊने लपायचं, मग चकलीने शोधायचं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ६० लाख असतात म्हणे, आणि कुत्र्याच्या नाकात ३० कोटींपर्यंत. त्यामुळे राज्य कायम चकलीवर. तिला दहा-वीस-तीस म्हणता येत नाही, ते मी म्हणायचं. चिऊ पडद्यामागे लपली, पलंगाखाली लपली, धुण्याच्या टबात बसून वर चादर ओढून घेतली. माझं 'शंभर' पूर्ण व्हायच्या आत चकली तिच्यापुढे शेपटी हलवत उभी. चिऊ खिदळत बाहेर यायची, चकली स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायची. खेळ खरोखर छान होता. तेवढ्यात चिऊ म्हणाली, "बाबा, आता तू लप."

मी लहानपणी लपण्यात तरबेज होतो. श्वास रोखला, पोट आत ओढलं आणि आईच्या खोलीतल्या लोखंडी कपाटामागे, भिंतीच्या फटीत शिरलो. एक मिनिट गेलं, पाच गेली. बाहेर शांतता. आईने नेमका तेव्हाच कुरडयांचा चीक शिजवायला घेतला होता आणि दोन्ही शोधकर्त्या पातेल्यापुढे मांडी घालून बसल्या होत्या. मला हाक मारायचीही लाज वाटली. निघू म्हटलं, तर आत ओढलेलं पोट मधल्या काळात बाहेर आलं होतं आणि परत जायला तयार नव्हतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. साहेब.

"आवाज घुमतोय तुमचा. कुठे आहात?"

"कपाटामागे."

"काय करताय तिथे?"

"लपलोय."

साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रिपोर्ट झाला नसेल तर तसं सरळ सांगायचं हो. एवढं घाबरायचं नाही." नाना आणि वॉचमन यांनी मिळून कपाट सरकवलं. चकलीने मला पाहिलं आणि कुठे होतात इतका वेळ, अशा नजरेने तोंड चाटलं. त्या ३० कोटी पेशींना मी चिकापुढे दिसलोच नव्हतो.

खाऊ शोधण्याचा खेळही होता. पण त्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना शिकवणं आलं. कुत्र्याला चॉकलेट नाही, द्राक्षं-बेदाणे नाहीत, कांदा-लसूण नाही. म्हणजे मुलं ज्या गोष्टी प्रेमाने पहिल्यांदा पुढे करतात आणि महाराष्ट्रीय स्वयंपाकघरात ज्या पहिल्यांदा हाताला लागतात, त्या सगळ्या बाद. बेदाण्याने तर मूत्रपिंडावर बेतू शकतं. हे मी आईला चार वेळा सांगितलं होतं. अक्षय्य तृतीयेला सत्यनारायण झाला, आणि कोणा पाहुण्याच्या लहानग्याच्या हातून शिऱ्याचा द्रोण सांडला. चकलीने द्रोण उचलला. मी पाटावरून उठलो. चौरंगाला दोन फेऱ्या झाल्या. गुरुजींनी कलश उचलून छातीशी धरला. चिऊ मात्र जागची हलली नाही. तिने खिशातून गाजराचा तुकडा काढला आणि शांतपणे म्हणाली, "चकली, सोड." द्रोण खाली पडला. मी तोवर सोवळ्यात जमिनीवर आडवा होतो.

आई म्हणाली, "नामदेव महाराज कुत्र्यामागे धावले ते तूप घेऊन, कोरडी भाकरी कशी खाणार बिचारा म्हणून. आणि तू त्याच्या तोंडातला प्रसाद काढायला धावतोस!"

मी म्हणालो, "त्या भाकरीत बेदाणे नव्हते."

नंतर चिऊने स्वतःच खेळ तयार केला. आप्पेपात्रात एकाआड एक खळग्यात गाजराचे आणि बिया काढलेल्या सफरचंदाचे तुकडे ठेवायचे आणि वर टेनिसचे चेंडू. चकली नाकाने एकेक चेंडू ढकलून खाऊ काढते, चेंडू घरभर गडगडतात, चिऊ ते गोळा करते. दोघींची वीस मिनिटं सुखात जातात आणि चकली नंतर दमून झोपते, कारण डोकं चालवलं की कुत्रंही थकतं. यात मोठ्या माणसाला काहीच इजा होत नाही, अशी माझी समजूत होती. रविवारी पाहुणे आले, बायकोने हौसेने आप्पे केले, पाहुण्यांनी वाहवा केली. चिऊ अभिमानाने म्हणाली, "आमच्या चकलीचं पात्र आहे ते." पाहुण्यांनी हातातला आप्पा अगदी हळू खाली ठेवला. बायकोने माझ्याकडे जसं पाहिलं, ते नियमात कुठेच बसत नव्हतं. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र स्पष्ट दिसत होता.

सगळ्यांत उपयोगी खेळ निघाला तो आपला जुना 'स्टॅच्यू'. मूल किंचाळत पळायला लागलं की कुत्र्याला वाटतं पाठलागाचा डाव आहे, आणि ते अंगावर उड्या मारतं. अशा वेळी पळायचं नाही. हात अंगाशी घ्यायचे, नजर जमिनीकडे, झाडासारखं गप्प उभं राहायचं. कुत्र्याची गंमत संपते आणि ते नाद सोडतं. रस्त्यावरचं अनोळखी कुत्रं अंगावर आलं तरी मुलाने हेच करायचं. चिऊला हे एकदा सांगितलं आणि जमलं. ती थांबली की चकलीही समोर बसायची. अडचण एवढीच, की चिऊला हा शब्द फार आवडला. मी गॅसपाशी उभा असताना मागून आवाज आला, "बाबा, स्टॅच्यू!" लिटरभर दूध डोळ्यांदेखत वर आलं, कड ओलांडून शेगडीवर सांडलं, ज्योत विझली. हललो असतो तर माझ्यावर राज्य आलं असतं. आईने धावत येऊन गॅस बंद केला आणि माझ्या जबाबदारपणाविषयी दोन शब्द बोलली.

दुपारी मात्र वाचन. ही कल्पना माझी म्हणून सांगायला आवडलं असतं, पण अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला १९९९ पासून हे रीतसर चालू आहे: वाचताना अडखळणारी मुलं शिकवलेल्या कुत्र्यांना गोष्टी वाचून दाखवतात. कुत्रं हसत नाही, चुका काढत नाही आणि 'शेजारचा ओंकार बघ कसा वाचतो' असं म्हणत नाही. चिऊ इंग्रजी शाळेत जाते. मराठी जोडाक्षर आलं की तिची गाडी खड्ड्यात गेल्यासारखी आदळते. माझ्यासमोर वाचायचं म्हटलं की तिला तहान लागते, शू लागते, झोप येते.

चकलीसमोर ती वाचायला बसली. फरशीवर, पाय पसरून. चकलीने तिच्या पावलावर हनुवटी ठेवली आणि एक कान उभा केला, एक पाडला. मी जबाबदारीने शेजारी खुर्ची घेतली. गोष्टीत राजकन्येचं नाव होतं ज्योत्स्ना.

"ज्योत... ज्योत-स... ज्योतस्त..."

"ज्योत्स्ना!" मी म्हणालो. "आधी त, मग स, मग न. सोपं आहे!"

चकलीने मान उचलली आणि मोठी जांभई दिली.

"बाबा, जांभई! तिला ताण येतोय. तू लांब बस."

मी खुर्ची मागे घेतली. पुढच्या ओळीत 'दुष्काळग्रस्त' आलं. मी तोंड उघडलं. चकलीने ओठ चाटले.

"अजून लांब."

मी दारापाशी गेलो. 'वक्तृत्व' येताच मी नुसता खाकरलो, तर चकलीने तोंडच फिरवलं. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाल्यात, जवळ राहायचं." चिऊने विचार केला आणि तोडगा काढला. "राहा. पण बोलू नकोस."

मग मी गप्प बसलो. जवळ बसायचं आणि बोलायचं नाही, हे त्या पन्नास दिवसांतलं सगळ्यात अवघड काम होतं. कपाटामागे राहणं त्यापुढे काहीच नाही. चिऊ वाचत राहिली. ज्योत्स्ना चौथ्या वेळी आली तेव्हा ती 'ज्योस्ना' झाली होती, सातव्या वेळी 'ज्योत्स्ना'. चिऊने वर पाहिलंही नाही, तशीच पुढे गेली. चकलीचा उभा कान हळूहळू पडला आणि ती घोरायला लागली. चिऊ माझ्याकडे बघून कुजबुजली, "गोष्ट आवडली तिला."

जूनमध्ये चकलीला रेबीजची वार्षिक लस द्यायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिचे तळवे पाहिले, कान पाहिले, चिऊचे हात उलटसुलट केले. दोघींच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. पोटरीला क्रेप बँडेज, हनुवटीला पट्टी, पाठीवर कपाटाच्या कडेचा वळ आणि पायांत दोन उजव्या चपला.

"अहो, घरात जबाबदार मोठं माणूस नव्हतं का?"

घरी आल्यावर पाहिलं तर वेळापत्रकाच्या खाली, हिरव्या स्केचपेनने, सगळी जोडाक्षरं बरोबर लिहून, एक नियम वाढवलेला होता: 'खेळताना बाबांना एकट्याला सोडू नये. जबाबदार लहान माणूस जवळ पाहिजे.' खाली चिऊची सही आणि चकलीच्या पंजाचा ठसा.

तुमच्या घरी मूल आणि कुत्रं दोन्ही असतील, तर दोघांची फार काळजी करू नका. नियम सांगितले की ते पाळतात. चेंडू तेवढा निळा आणा, आणि पोट आत घेऊन कुठेही शिरू नका.